गोळी सुटते, पट्टी टिकेल?

१९६२ साली जर्मनीतल्या बोरिंगर इंगेलहाइम या औषध कंपनीत चोंदलेल्या नाकासाठी एक नवं संयुग तयार झालं. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसाव्यात आणि श्वास मोकळा व्हावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. कंपनीतल्या डॉ. वोल्फ यांच्या सेक्रेटरीला तेव्हा सर्दी झाली होती. तिच्या नाकात या औषधाचे पातळ केलेले थेंब सोडण्यात आले. (आजच्या नियमांत असा प्रयोग करणारा डॉक्टर दुसऱ्या दिवशी घरी बसेल.) बाई झोपल्या त्या जवळजवळ चोवीस तासांनी उठल्या. तोवर त्यांचा रक्तदाब चांगलाच उतरला होता, नाडी मंदावली होती, तोंडाला कोरड पडली होती. सर्दी बाजूला राहिली आणि रक्तदाबाचं एक नवं औषध हाती आलं. त्याचं नाव क्लोनिडिन. १९६६ पासून जर्मनीत ते रक्तदाबासाठी विकलं जाऊ लागलं. आपल्याकडे मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या घरी 'आर्कामिन' हे नाव कानावर पडतं, ते हेच औषध.

या प्रसंगातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे मात्रा. नाकाच्या अस्तरातून शिरलेल्या थेंबभर औषधाने धडधाकट बाईचा रक्तदाब खाली आणला. इतक्या अल्प मात्रेत काम करणारं औषध असेल, तर ते पोटातून कशाला द्यायचं? हा प्रश्न विचारायला मात्र वेगळा माणूस आणि वेगळी कंपनी लागली.

आलेहांद्रो झाफारोनी हा मूळचा उरुग्वेचा. स्टेरॉइड संप्रेरकांच्या उद्योगात त्याने आधीच नाव कमावलं होतं. १९६८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात स्वतःची कंपनी काढली आणि स्वतःच्याच नाव-आडनावाची आद्याक्षरं जोडून तिला 'अल्झा' म्हटलं. त्याचं म्हणणं साधं होतं: नवनवी औषधं शोधण्यात सगळे गुंतलेत, पण औषध शरीरात कोणत्या वेगाने जातं इकडे कुणाचं लक्ष नाही. गोळी घेतली की रक्तातलं प्रमाण उसळतं आणि मग उतरत जातं. ते दिवसरात्र एका पातळीवर ठेवता आलं, तर कमी औषधात काम होईल आणि दुष्परिणामही घटतील. १९७९ च्या अखेरीस प्रवासात मळमळणाऱ्यांसाठी कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीला अमेरिकेत परवानगी मिळाली, आणि त्वचेतून संपूर्ण शरीराला औषध देणारा आधुनिक पॅच जन्माला आला. छातीतल्या कळेसाठी नायट्रोग्लिसरीनचे पॅच पाठोपाठ आले. १९८४ मध्ये क्लोनिडिनचा पॅच आला. आठवड्यातून एकदा दंडावर किंवा छातीवर लावायचा आणि सात दिवस विसरून जायचं.

म्हणजे रक्तदाबाचा पॅच ही काही भविष्यातली गोष्ट नाही. तो चाळीस वर्षांपूर्वीच आला. मग तो घराघरांत का नाही, आणि आता दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या पॅचची चर्चा कशासाठी, हे समजून घ्यायचं तर आधी कातडीपाशी जावं लागतं.

त्वचेचा सर्वांत वरचा थर एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाइतका जाड असतो. मेलेल्या, चपट्या पेशी आणि त्यांच्यामध्ये भरलेली चरबी. शास्त्रज्ञ त्याला विटा आणि चुन्याची भिंत म्हणतात, आणि ही उपमा खरोखरच नेमकी आहे, कारण औषधाला विटांमधून जाता येत नाही, चुन्यातून वळणं घेत जावं लागतं. चुना चरबीचा, म्हणून रेणू चरबीत विरघळणारा हवा. पण पलीकडे पाणीदार ऊती आणि रक्त आहे, म्हणून त्याला पाण्याचंही वावडं नको. शिवाय रेणू लहान हवा. साधारण ५०० डाल्टनच्या वरचे रेणू धडधाकट त्वचेतून जात नाहीत, असा ठोकताळा २००० साली मांडला गेला आणि तो बऱ्यापैकी टिकला आहे. या सगळ्या चाळण्यांतून सुटलं तरी दिवसाला पाच-दहा, फार तर वीस मिलिग्रॅमच्या पुढे साध्या पॅचमधून औषध देणं अवघड.

क्लोनिडिनचा रेणू २३० डाल्टनचा. सर्वांत लहान पॅचमधून रोज ०.१ मिलिग्रॅम औषध शरीरात जातं, आणि तो पॅच फक्त साडेतीन चौरस सेंटिमीटरचा आहे. जास्त मात्रा हवी तर दुप्पट, तिप्पट आकार. रचना तीच राहते: वर अॅल्युमिनियमचं अस्तर असलेली पाठ, खाली औषधाचा साठा, मग सूक्ष्म छिद्रांचा पडदा आणि शेवटी डिंक. वेग तो पडदा ठरवतो. एक आकडा मात्र अस्वस्थ करतो. या छोट्या पॅचमध्ये अडीच मिलिग्रॅम औषध भरलेलं असतं आणि आठवडाभरात शरीरात जातं जेमतेम ०.७. बाकीचं कचऱ्याच्या डब्यात. औषध बाहेर ढकलायला आत साठा भरपूर लागतो, त्याला इलाज नाही. पण टाकून दिलेला पॅच रांगत्या पोराच्या हाती लागला तर काय, हा प्रश्न आपल्या घरांमध्ये अगदी खरा आहे. वापरलेला पॅच चिकट बाजू आत ठेवून दुमडून टाकायचा असतो.

आता हाच हिशोब आपल्याकडच्या नेहमीच्या औषधाला लावून बघू. अमलोडिपिन ५ मिलिग्रॅम. क्लोनिडिनच्या पॅचमधून एका चौरस सेंटिमीटरला जेवढं औषध झिरपतं, तेवढ्याच वेगाने अमलोडिपिन झिरपलं असं धरलं, तर १७५ चौरस सेंटिमीटरचा पॅच लागेल. आपलं पोस्टकार्ड १२६ चौरस सेंटिमीटरचं असतं. हा हिशोब थोडा कडक आहे हे मान्य, कारण क्लोनिडिनचा वेग मुद्दाम आवरलेला असतो आणि गोळीतलं सगळं अमलोडिपिन रक्तात पोचतही नाही. तरी अडचण कळते. टेल्मिसार्टन घ्या: नेहमीची मात्रा ४० मिलिग्रॅम, रेणू ५१५ डाल्टनचा, विरघळायला हट्टी. लोसार्टनची गंमत तर आणखी वेगळी. त्याचा बराचसा परिणाम लोसार्टनपासून यकृतात तयार होणाऱ्या दुसऱ्या रेणूमुळे होतो. पॅचचा मोठा फायदा म्हणून सांगितला जातो तो असा की, औषध यकृताचा पहिला फेरा चुकवतं. लोसार्टनच्या बाबतीत तो फेराच कामाचा. एनालाप्रिलही यकृतात गेल्यावरच खऱ्या अर्थाने औषध बनतं.

यात जपानने एक वाट काढली. बिसोप्रोलॉल हे ३२५ डाल्टनचं, कमी मात्रेचं, त्वचेला मानवणारं औषध. २०१३ मध्ये तिथे त्याचा पॅच रक्तदाबासाठी बाजारात आला. रोज एक, छातीवर, दंडावर किंवा पाठीवर. आठ मिलिग्रॅमचा पॅच पाच मिलिग्रॅमच्या गोळीच्या तोडीचा मानला जातो. जपानमध्येच हे का झालं असावं, याचा अंदाज कठीण नाही. म्हाताऱ्यांचा देश, गिळायला त्रास असणारे रुग्ण पुष्कळ, आणि चिकटपट्टीवर हात बसलेला उद्योग. औषध दिलं की राहिलं, हे काळजी घेणाऱ्या माणसाला अंगावर नजर टाकून कळतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी रिव्हास्टिग्मिनचा पॅच २००७ मध्ये आला, त्यामागेही हेच गणित होतं.

पण हे सगळे एकेका औषधाचे पॅच. रक्तदाबाच्या उपचाराची दिशा मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दुसरीकडे वळली आहे. एकच औषध वाढवत नेण्यापेक्षा वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी दोन-तीन औषधं थोडी थोडी द्यावीत, हे आता सर्वमान्य आहे. एक औषध रक्तवाहिन्या सैल करतं, दुसरं मूत्रपिंडाकडून मीठ-पाणी बाहेर काढतं, तिसरं संप्रेरकांची साखळी तोडतं. मात्रा दुप्पट केली की परिणाम थोडाच वाढतो आणि दुष्परिणाम भरपूर. अमलोडिपिनने पावलं सुजलेल्या कुणालाही हे विचारा. एम्सच्या पुढाकाराने भारतात झालेल्या टॉपस्पिन चाचणीत जवळपास दोन हजार रुग्णांना दोन-दोन औषधांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या एकाच गोळीतून दिल्या. तिन्ही जोड्या सारख्याच उपयोगी ठरल्या आणि सहा महिन्यांत सुमारे ७० टक्के लोकांचा रक्तदाब आटोक्यात आला. कोणती जोडी निवडायची यावर डॉक्टर मंडळी तास तास वाद घालतात. या निकालाने त्यातला बराच वाद निकाली काढला.

या दिशेने सर्वांत धाडसी पाऊल ऑस्ट्रेलियातल्या क्वार्टेट चाचणीचं. २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. चार औषधं, प्रत्येक नेहमीच्या मात्रेचा चौथा हिस्सा: इर्बेसार्टन ३७.५, अमलोडिपिन १.२५, इंडापमाइड ०.६२५ आणि बिसोप्रोलॉल २.५ मिलिग्रॅम. एकाच औषधाने सुरुवात केलेल्यांमध्ये बारा आठवड्यांनी ५८ टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात होता, या चौकडीवर ७६ टक्क्यांचा. त्याच विचाराची तीन औषधांची गोळी, टेल्मिसार्टन, अमलोडिपिन आणि इंडापमाइड, नायजेरियात तपासली गेली आणि २०२५ मध्ये तिला अमेरिकेत मान्यताही मिळाली.

हे आकडे गोळीवाल्यांसाठी होते. पॅचवाल्यांनी ते वेगळ्या नजरेने वाचायला हवेत. क्वार्टेटमधलं इर्बेसार्टन बाजूला ठेवलं तर उरलेल्या तीन औषधांची बेरीज साडेचार मिलिग्रॅमच्या आत येते. त्वचेच्या दाराची जी उंची आहे, तिच्याखालून वाकून जाता येईल इतकी. माझ्या मते मिश्र पॅचचं भवितव्य इथे आहे. आजच्या पूर्ण मात्रेच्या गोळ्या कातडीवर चिकटवण्याचा प्रयत्न पोस्टकार्डापाशीच अडकेल. पाव मात्रेच्या औषधांची मोट बांधली, तर पॅच तळहाताच्या आत बसू शकतो.

'बसू शकतो' आणि 'बसला' यांत मात्र बरंच अंतर आहे, आणि ते अंतर रसायनाचं आहे. गोळीत दोन औषधं शेजारी शेजारी बसतात, पोटात गेल्यावर आपापल्या वाटेने जातात. पॅचमध्ये ती आठवडाभर एकाच डिंकात राहतात. एकाचा रेणू डिंकात सहज विरघळतो, दुसऱ्याचा नाही. पहिला भराभर निघून जातो, दुसरा मागे राहतो, आणि सोमवारी जे प्रमाण होतं ते शुक्रवारी राहत नाही. त्वचा थोडी सैल करणारी ओलेइक आम्ल किंवा मेंथॉलसारखी द्रव्यं घालावीत, तर ती दोन्ही औषधांना सारखी मदत करत नाहीत. फार औषध भरलं तर ते साठवणीत स्फटिक बनून बसतं, आणि स्फटिक झालेलं औषध त्वचेत शिरत नाही. ही भीती कागदावरची नाही: पार्किन्सनसाठीचा रोटिगोटिनचा पॅच २००८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून याच स्फटिकांपायी मागे घ्यावा लागला. तो परत यायला २०१२ उजाडलं. एका औषधाची ही कथा, तर तिघांची काय होईल?

दोन औषधांचे पॅच जगात नाहीत असं नाही. रजोनिवृत्तीसाठी आणि गर्भनिरोधासाठी दोन संप्रेरकं एकत्र असलेले पॅच पंचवीस वर्षांपासून आहेत. संप्रेरकांना मायक्रोग्रॅम पुरतात म्हणून ते जमलं. पण त्यातही एक धडा आहे. २००१ मध्ये अमेरिकेत आलेल्या गर्भनिरोधक पॅचबद्दल चार वर्षांनी इशारा द्यावा लागला, कारण तो वापरणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात नेहमीच्या गोळीपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त इस्ट्रोजेन पोचत होतं. गोळीसारखी रक्तात चढउतार नव्हती, पातळी सपाट होती, पण एकूण बेरीज मोठी. पातळी सपाट म्हणजे सुरक्षित, हे गृहीतक तपासूनच घ्यावं लागतं. नायट्रोग्लिसरीनच्या पॅचनेही तेच शिकवलं होतं. चोवीस तास लावून ठेवला तर शरीर त्याला सरावतं आणि परिणाम बोथट होतो, म्हणून तो रात्री काढून ठेवायला सांगतात. रक्तदाब रात्री झोपेत उतरतो, पहाटे चढतो. त्यावर दिवसरात्र एकाच वेगाने औषध ओतणं योग्य की अयोग्य, याचं उत्तर प्रत्येक औषधासाठी वेगळं काढावं लागेल.

आणि मग आपलं हवामान. फेंटानिलच्या पॅचवर शेकपिशवी किंवा गरम पाण्याची बाटली ठेवू नका, असा इशारा असतो, कारण उष्णतेने औषध जास्त वेगाने आत जातं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे दुपारी शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या दंडावरचा रक्तदाबाचा पॅच कसा वागेल? घामाने सुटेल, की जास्त औषध सोडून घेरी आणेल? कोकणातल्या दमट हवेत डिंक किती दिवस धरेल? युरोप-अमेरिकेतल्या वातानुकूलित चाचण्या याचं उत्तर देणार नाहीत. क्लोनिडिनच्या पॅचला खाली खेचलं ते मात्र हवेने नाही, खाजेने. दीर्घकाळ वापरणाऱ्यांपैकी पाचांत एकाच्या आसपास रुग्णांच्या त्वचेवर लाली, पुरळ उठलं. एका औषधाची अॅलर्जी, दुसऱ्याची, डिंकाची. मिश्र पॅचमध्ये खाजेचे उमेदवार वाढतात, आणि खाज सुटली तर दोष कुणाचा हे शोधणंही अवघड.

महाराष्ट्रातल्या औषधनिर्माण महाविद्यालयांच्या ग्रंथालयात जा. रक्तदाबाच्या कोणत्या ना कोणत्या औषधाच्या पॅचवरचे एम. फार्म.चे प्रबंध हमखास सापडतील. लोसार्टन, मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, प्रोप्रानोलॉल. फ्रान्झ डिफ्युजन सेल नावाच्या काचेच्या उपकरणात वर पॅच, मध्ये उंदराच्या किंवा डुकराच्या कानाच्या कातडीचा तुकडा, खाली खारं पाणी. तासातासाला नमुना काढून किती औषध उतरलं ते मोजायचं. काम प्रामाणिक असतं आणि मुलं त्यातून शिकतात. पण उंदराची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा पातळ आणि सच्छिद्र, म्हणून आलेख छान चढतो, पदवी मिळते आणि पॅच कपाटात जातो. पुढची पायरी, म्हणजे माणसाच्या अंगावर आठवडाभर लावून रक्तातली पातळी मोजणं, महाविद्यालयाला परवडत नाही आणि कंपनीला त्यात नफा दिसत नाही. शिवाय दोन औषधांचा पॅच म्हणजे आपल्या कायद्यानुसार नवं औषध. २०१६ मध्ये केंद्राने एकाच दिवशी ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, तेव्हापासून अशा जोड्यांकडे नियंत्रक अधिक संशयाने पाहतात. ते योग्यच आहे, पण त्याची किंमत वेळात मोजावी लागते.

हा खटाटोप कुणासाठी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १८.८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यातल्या ३७ टक्क्यांनाच तो असल्याचं माहीत आहे, ३० टक्के उपचार घेतात, आणि आटोक्यात असलेले १५ टक्के. म्हणजे सर्वांत मोठी गळती मुळात रक्तदाब मोजलाच न जाण्यात आहे; तिथे पॅच काही करू शकत नाही. उपचार सुरू असूनही आटोक्यात नसलेल्या निम्म्या लोकांचा मात्र पॅचशी संबंध आहे. 'एकदा सुरू झाली की जन्माची गोळी' म्हणून ती सुरूच न करणारे, 'बीपी नॉर्मल आलं' म्हणून परस्पर बंद करणारे, वारीला जाताना डबी घरी विसरणारे, उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी नको म्हणून टाळणारे, आपण सगळे ओळखतो. आठवड्याची पट्टी यातल्या विसरणाऱ्यांना मदत करेल. ठरवून बंद करणारा माणूस पट्टीही काढून टाकेल.

गोळीच्या वाटेनेही पुष्कळ साधतं, हे आपल्याच राज्यात दिसलं आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरलेली औषधं, ठरलेल्या पायऱ्या, एका वेळी महिन्याभराची गोळी, घराजवळच्या केंद्रात मोजणी आणि न आलेल्याला निरोप. यात नवं तंत्रज्ञान काहीच नव्हतं. जनऔषधी दुकानात अमलोडिपिनची गोळी रुपयाच्या आतबाहेर मिळते. पॅचला या किमतीशी स्पर्धा करायची आहे, आणि तो ती हरणार हे आजच सांगता येतं. दुसरीकडून झिलेबेसिरान हे इंजेक्शन चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यात आहे. एकदा टोचलं की रक्तदाब सहा महिन्यांपर्यंत कमी राहू शकतो असं मधल्या चाचण्यांत दिसलं. ते आलं, तर 'विसरणाऱ्यांसाठी' ही पॅचची जागाही धोक्यात येईल. मला मिश्र पॅचची खात्रीची जागा दिसते ती अर्धांगवायूनंतर गिळता न येणारे, शस्त्रक्रियेनंतर तोंडाने काही न घेणारे आणि दिवसाला दहा गोळ्या मोजून कंटाळलेले वृद्ध यांच्यापाशी. ती जागा लहान नाही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. ऑनलाइन बाजारात बेंबीवर किंवा तळपायावर लावायच्या 'बीपी कमी करणाऱ्या' जडीबुटीच्या पट्ट्या विकल्या जातात. अशी पट्टी हातात आली तर पाकिटावर दोन गोष्टी शोधा: आत नेमकं कोणतं औषध आहे, आणि ते दिवसाला किती मिलिग्रॅम शरीरात जातं. दोन्ही लिहिलेलं नसेल तर पैसे घालवू नका, आणि तिच्या भरवशावर चालू गोळी तर मुळीच थांबवू नका. क्लोनिडिन किंवा बिसोप्रोलॉलसारखं औषध अचानक सोडलं, तर रक्तदाब आणि नाडी आधीपेक्षाही वर उसळू शकते. आणि घरात कुणाच्या अंगावर डॉक्टरांनी दिलेला कोणताही औषधी पॅच असेल, तर एमआरआयला जाण्याआधी तंत्रज्ञाला सांगा; काहींच्या पाठीत धातूचं अस्तर असतं आणि त्याने त्वचा भाजते.